दादांच्या खिशाबाहेरचा कंडेन्सर

आमच्या घरात कुणी हळू बोलल्याचं मला आठवत नाही. लाडाने बोलायचं असलं तरी बोंबलूनच बोलावं लागे. दादा, म्हणजे माझे वडील, खानदेशातून सुरतेला आले ते थेट लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, उभे राहिले, आणि लूमवर उभा राहिलेला माणूस काही वर्षांत कानाने जातो हे तेव्हा कुणी कुणाला सांगत नसे. सांगितलं असतं तरी ऐकू कुणाला आलं असतं म्हणा. सुरतेत लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात. लिंबायतमधली आमची खोली अशाच एका खात्याच्या पाठीला पाठ लावून होती. भिंत सतत थरथरायची, फळीवरचे स्टीलचे डबे आपोआप सरकत कडेला यायचे, आणि माय येताजाता ते मागे ढकलायची. लाइट गेली की लूम थांबत आणि त्या शांततेने चाळीतली तान्ही पोरं दचकून रडायला लागत. दादांना ऐकू जावं म्हणून माय ओरडे, मायचं ओरडणं पार करून बोलायचं म्हणून आम्ही बहिणी ओरडत असू. त्यामुळे आमच्या घरात गुपित असं काही राहिलंच नाही. मी मोठी झाले ही बातमी मायने दादांच्या कानात सांगितली, आणि दुसऱ्या दिवशी दूधवाल्याने मला पहिल्यांदा 'बेन' म्हणून हाक मारली.

दादांना ऐकू येत नाही हे सगळ्या चाळीला ठाऊक होतं. फक्त दादांना ते मान्य नव्हतं. त्यांच्याकडे यावर एक जालीम उपाय होता, तो म्हणजे मान हलवणे. ही कला ते खात्यातच शिकले होते. शेठ खात्यात येतो, दोन लूमच्या मध्ये उभा राहून तोंड हलवतो, हात नाचवतो. त्या आवाजात काय बोलतोय ते त्याचं त्यालाही ऐकू येत नसणार. कारीगराने मान हलवायची, मग शेठ समाधानाने जातो. काय सांगितलं होतं ते पगार कापला गेला की कळतंच. खात्यातला प्रत्येक कारीगर असाच मान हलवी, पण बाकीचे निदान घरी आल्यावर थांबत. दादा चोवीस तास कामावर असल्यासारखे हलवत. शेजारच्याने काहीतरी विचारलं, दादांनी मान हलवली, आणि तो गावाला गेला तेव्हा त्याचा कोंबडा आमच्या मोरीत बांधलेला होता. गणपती मंडळाची मीटिंग झाली, दादांनी सगळ्या ठरावांना मान हलवली, आणि घरी आले ते अध्यक्ष होऊन. आरतीनंतर त्यांना भाषण करायला उभं केलं, तर माइकसमोरही ते मानच हलवत राहिले. टाळ्या मात्र जोरदार पडल्या.

इथवर हसण्यासारखं होतं. पण माझी थोरली बहीण सुमनताई, हिच्या लग्नाची बोलणीही दादांनी मान हलवूनच केली. पाहुणे धुळ्याकडचे. मुलगा सुरतेतच डाइंगच्या मिलमध्ये. म्हणजे ताई जवळच राहणार म्हणून माय खूश, आम्ही खूश. बैठकीत मुलाच्या बापाने काहीतरी लांबलचक सांगितलं, दादांनी प्रत्येक वाक्याला मान हलवली, आणि सुपारी फुटली. लग्नानंतर कळलं की मुलगी गावालाच राहील, गोठा बघेल, सासू बघेल, मुलगा दिवाळीला येईल, असं तो बाप अगदी स्पष्ट सांगत होता. त्या माणसाने फसवलं नव्हतं हो. त्याने सगळं सांगून, विचारून, हो म्हणवून घेतलं होतं. ताई दिवाळीला पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा तिच्या हातांना शेणाचा वास बसलेला होता, आणि तिने दादांना एवढंच विचारलं, "दादा, तुमले ऐकू उनं व्हतं का?" (तुम्हाला ऐकू आलं होतं का?) दादांनी मान हलवली. ताई उठून मोरीत गेली आणि बराच वेळ बादली भरत बसली. दादांना काय कळलं आणि काय नाही हे मला अजूनही नक्की सांगता येत नाही. मात्र त्या दिवाळीनंतर एका ट्रस्टने कान तपासायचा कॅम्प भरवला तेव्हा, ज्या माणसाला चष्मा लावायचीसुद्धा लाज वाटे तो माणूस कुणाला न सांगता रांगेत जाऊन उभा राहिला आणि कानाचं मशीन घेऊन आला.

हे मशीन म्हणजे आजच्यासारखं कानात लपणारं नव्हे. बिडीच्या बंडलाएवढी डबी, ती खिशात ठेवायची, तिच्यातून वायर निघून कानापर्यंत जायची. पहिल्या दिवशी मशीन लावून दादा घरात बसले आणि अर्ध्या तासात म्हणाले, "तुन्ही माय इतली वरडस कसाले?" (तुझी आई इतकी ओरडते कशाला?) माय जी चिडली ती दोन दिवस बोलली नाही, आणि दादांना मशीन आणल्याचं पहिलं सुख मिळालं ते हे.

आता माझ्याकडे वळते. घरात माय साड्यांवर टिकल्या चिकटवायचं काम आणी. मीही लहानपणापासून ते करत आले होते, त्यामुळे चिमट्याने बारीक वस्तू उचलून जागेवर ठेवणं मला झोपेतही जमे. पर्वत पाटियाला किरीटभाईचं दुरुस्तीचं दुकान होतं: टीव्ही, स्टॅबिलायझर, टेप, जे येईल ते. त्याची बायको आमच्याकडून साड्या नेई. तिने माझी बोटं पाहिली आणि नवऱ्याला सांगितलं की तुझ्या जाड्या हातांपेक्षा ही पोरगी बरी. अशी मी दहावी आटोपून त्याच्या दुकानात सर्किटचे बोर्ड दुरुस्त करायला बसले. मायला ते पसंत नव्हतं. तिचं म्हणणं, "आंडेरना हात भाजी जाई ते कोन पाही तिले?" मुलीचा हात भाजला तर तिला पसंत कोण करणार, हा मायचा विजेविषयीचा एकमेव प्रश्न होता.

किरीटभाईच्या दुकानात सोल्डर करताना उठणारा राळेचा धूर, शेजारच्या जिलेबीचा वास आणि बाहेरच्या चौकातले ट्रकचे हॉर्न हे सगळं एकत्र नाकाकानात जाई. सुरतेच्या विजेचा तेव्हा काही भरवसा नव्हता. लूम एकदम बंद झाले की दाब उसळे आणि गावभरच्या टीव्हीतले कंडेन्सर फुगून बसत. आजची पोरं कॅपॅसिटर म्हणतात. म्हणोत. आम्ही कंडेन्सर म्हणायचो आणि ते तेवढ्याच निष्ठेने फुटायचे. ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते: पत्र्याची छोटी डबी, खाली दोन पाय. एक पाय अधिकचा, एक उण्याचा. उलटी लावली की संपलं. पहिल्याच आठवड्यात मी एका टीव्हीत ती उलटी लावली, बटण दाबलं, आणि असा बार उडाला की किरीटभाईच्या हातातला चहा त्याच्याच मांडीवर गेला. दुकानभर कागदाचा भुगा उडाला आणि सडक्या बोंबलासारखा वास सुटला. शुद्ध शाकाहारी किरीटभाईने दोन दिवस उदबत्ती लावली. मला मात्र काही बोलला नाही. म्हणाला, "मंगलाबेन, आटलुं तो बधाने थाय." एवढं तर सगळ्यांचंच होतं म्हणे. त्याच्या स्वतःच्या भुवया अर्ध्याच का आहेत ते मला त्या दिवशी कळलं.

खरी अडचण उलट-सुलटीची नसेच. ती अक्कल एकदा मार खाल्ला की येते. अडचण ही की जुन्या कंडेन्सरच्या मापाचा नवा कधी मिळत नसे. बोर्ड परदेशी, त्यावरची डबी करंगळीच्या पेराएवढी. बाजारात मिळे ती अंगठ्याएवढी. किंवा जाडी बरोबर, पण पाय इतके फाकलेले की बोर्डाच्या भोकांत जातील तर शपथ. किंवा सगळं जमलं, पण उंची अशी की वरून झाकणच बसत नाही. मी पहिल्यांदा असा कंडेन्सर जबरदस्तीने दाबायला गेले तर बोर्डावरचा तांब्याचा पट्टाच उखडून आला. तेव्हा मात्र किरीटभाई ओरडला. मग त्याने मला शेजारी बसवून जे सांगितलं ते असं: "ऊभो न रहे तो सुवाडी दे. अंदर न समाय तो बहार राख. पण खेंचवानुं नहीं." उभा राहत नसेल तर आडवा झोपव, आत मावत नसेल तर बाहेर ठेव, पण ओढाताण करायची नाही. पायांना वायरचे तुकडे जोडून ते लांब करायचे, त्यांच्यावर प्लास्टिकची नळी चढवायची म्हणजे एकमेकांना चिकटणार नाहीत, आणि डबी जिथे जागा असेल तिथे नेऊन चिकटवायची. आमच्या दुकानातून बरे होऊन गेलेले कितीतरी टीव्ही पाठीमागे एक डबी लटकवून जात. गिऱ्हाइकाने विचारलं की किरीटभाई गंभीर चेहरा करून सांगे, "एक्स्ट्रा पावर माटे." गिऱ्हाईक शेजाऱ्यांना दाखवायला घेऊन जाई.

मला ते काम भयंकर आवडलं. हे लिहायला आज काही वाटत नाही, पण त्या वेळी आमच्या चाळीत मुलीला काही आवडतं हे सांगायची पद्धत नव्हती. मेलेला टीव्ही टेबलावर यायचा, मी दोन पाय तोडून दोन पाय जोडायची, आणि त्यातून बाई बातम्या द्यायला लागायची. देवाला याहून जास्त काय जमतं?

तर माझ्यासाठी स्थळ आलं. नंदुरबारकडचं. मुलगा सरकारी गोदामात कारकून, आणि बोलणी करणार मुलाचे मामा. रविवारी पाहायला येणार म्हणून सांगावा आला, आणि गुरुवारी दादांचं मशीन बंद पडलं. मुलगा कसा आहे याची मला एवढी चिंता नव्हती. मला चिंता होती ती त्या मानेची. रविवारी ते मामा काय काय सांगतील, दादा हलवतील मान, आणि मी कुठल्यातरी गोठ्यात उभी असेन. मी दादांच्या समोर जाऊन बसले आणि खुणा करकरून सांगितलं की ऐकू आलं नाही तर हो म्हणू नका. दादांनी मान हलवली. मी कपाळाला हात लावला. तेव्हा ते मोठ्याने म्हणाले, "पोरी, ऐकीसनच हो म्हनसू." ऐकूनच हो म्हणेन. बोलले खरे, पण ऐकणार कशाने?

मशीन मी दुकानात नेऊन उघडलं. आत तांदळाच्या दाण्यांची रांगोळी काढावी तसे भाग, आणि त्यातला आवाज पुढे पाठवणारा एक कंडेन्सर सुकून गेलेला. हरभऱ्याएवढा असेल. तसा हरभरा अख्ख्या सुरतेत मिळेना. मुंबईहून मागवला तर आठवडा जाणार. किरीटभाईने सगळे डबे पालथे घातले आणि त्याच कामाचा एक काढून दिला, तो होता बोराएवढा, आणि बोरही ते कलमी, मोठं. झाकण लागायचा प्रश्नच नव्हता. मी किरीटभाईकडे पाहिलं. तो म्हणाला, "बहार राख. तारा बापने क्यां फॅशन शोमां जवुं छे!"

तसंच केलं. लांब पाय, वर नळी, डबीच्या फटीतून दोन वायरी बाहेर, आणि टोकाला बोर लटकतंय. मशीन सुरू केलं, दादांच्या कानात लावलं, विचारलं, "दादा, ऐकू येस का?" दादांनी मान हलवली नाही. ते हसले. मग म्हणाले, ट्यूबलाइटखाली उभं राहिलं की यातून खात्यासारखा आवाज येतो. वायरी लांब केल्या की असं होतं, ती दुरुस्तीतली खोट होती. पण दादा त्या दिवशी दोनतीनदा मुद्दाम ट्यूबलाइटखाली जाऊन उभे राहिले. घरबसल्या खात्यात जाऊन आल्यासारखं वाटतं म्हणाले.

मायने ते पाहिलं आणि तिचा धीर सुटला. पाहुण्यांसमोर बापाच्या खिशातून हे काय लोंबणार? तिने साडीच्या जरीच्या काठाची एक इवलीशी पिशवी शिवली, वर दोन टिकल्या चिकटवल्या, आणि कंडेन्सरला त्यात बसवून ती दादांच्या खिशाला टाचली. आता ते लपलं की आणखी उठून दिसलं याचा निर्णय मी वाचकांवर सोडते. माझ्या मते दादा एखाद्या मंडळाचे बिल्लाधारी कार्यकर्ते दिसत होते.

रविवारी सकाळपासून मायचं आणि माझं वाजलं. तिला खाऊ घालायचं होतं शेवभाजी आणि कळण्याच्या भाकरी, म्हणजे आमचं घर अजून खानदेशातच आहे हे पाहुण्यांना कळावं. मी म्हटलं, सकाळी दहाला शेवभाजी खाऊन ते मुलगी बघतील की मोरी शोधतील? शेवटी पोहे ठरले, वर शेव, बाजूला तळलेली मिरची, आणि सुरतेची आठवण म्हणून लोचो. मायचा लोचोवर विश्वास नव्हता, त्याला ती 'बिघडेल ढोकळा' म्हणे. मला हिरवी साडी नेसवली. बोटांवर भाजल्याचे दोनतीन डाग होते, त्यांवर तिने हळद लावली, म्हणजे ते जास्तच स्पष्ट झाले.

पाहुणे आले. मुलगा, मुलाची आई आणि मामा. मुलगा बिचारा मान खाली घालून बसला तो बसलाच. त्याच्या चपला मात्र छान होत्या. मामा म्हणजे जाडसर, मिशीवाले, पानाचा डबा मांडीवर ठेवून बसणारे. दादा त्यांच्या समोर, कानात वायर, खिशाला जरीची पिशवी. मामांची नजर त्या पिशवीवर गेली, तिथून निघालेल्या वायरवर गेली, वायरीवरून कानावर गेली आणि परत पिशवीवर आली. पोहे आले, लोचो आला, मामांनी दोन्ही खाल्लं, पण नजर काही हलेना. त्या काळात हुंड्यावरून पोलीस घरी आल्याच्या बातम्या येत असत. पाहुण्यांनी काय काय मागितलं ते कुणीतरी टेप करून ठेवलं होतं, अशीही एक वावडी होती. शेवटी मामांनी मायलाच विचारलं, "ताई, हाई काय शे? टेप शे का?" मायला कंडेन्सर सांगता येईना, मशीन सांगायचं तर नवरा बहिरा हे कबूल करावं लागणार, म्हणून ती ताठ मानेने म्हणाली, "एक्स्ट्रा पावर." हे तिने माझ्याकडूनच ऐकलं होतं. मामांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

तिथून पुढे मामा जे बोलले ते इतकं सभ्य की विचारू नका. देणंघेणं? छे छे. मुलगी आणि नारळ. मानपान? आमच्यात नाहीच. माय हरखून गेली. पण खरी अट त्यांच्या पोटात होती आणि ती सांगितल्यावाचून त्यांना जायचं नव्हतं. म्हणून त्यांनी आवाज उतरवला. तोंडासमोर पानाचा डबा धरला आणि जवळजवळ कुजबुजत सुरुवात केली. आमच्या घरात कुजबुज ही गोष्टच नवी, आम्ही सगळेच पुढे वाकलो. दादाही वाकले. वाकताना पिशवी छाती आणि उभ्या गुडघ्याच्या मध्ये दबली, आणि मी आत चहाचा ट्रे हातात धरून दारातून पाहत होते तिथून मला दादांचा चेहरा बदललेला दिसला. ते डोळे मला पाठ होते. आवाज गेला की ते डोळे समोरच्याच्या ओठांवर जाऊन थांबत आणि चेहऱ्यावर एक समजूतदार हसू येई. जोड तुटला होता.

मामा डब्याआडून बोलत होते. दादांना ओठसुद्धा दिसत नव्हते. मामा थांबले आणि उत्तरासाठी दादांकडे पाहू लागले. मी ट्रे घेऊन उभी. आता मान हलणार. मला सुमनताई मोरीत बादली भरताना दिसली. दादांची मान थोडी खाली आलीसुद्धा. आणि मग ती तिथेच थांबली, आणि दादा लूमवरच्या आवाजात म्हणाले,

"थांबा भो. माले ऐकू नही उनं."

मायच्या हातून चमचा पडला. इतक्या वर्षांत हे वाक्य आमच्यापैकी कुणी ऐकलं नव्हतं. दादांनी पिशवीवर हात ठेवला आणि सगळ्यांसमोर सांगितलं की आपण बहिरे आहोत, हे कानाचं मशीन आहे, पोरीने दुरुस्त केलंय, आत्ता बंद पडलंय. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मंगी, पाह्य जरा."

मी ट्रे खाली ठेवला, डोक्यावरचा पदर पडला तो पडू दिला, आणि दादांच्या शेजारी सतरंजीवर बसले. पिशवी उसवली. एक वायर कंडेन्सरच्या पायापासून सुटली होती. सोल्डर मारायला काही दुकान जवळ नव्हतं. मी वायरीचं टोक आणि पाय चिमटीत घट्ट धरले. दादा दचकले, म्हणजे आवाज आला. मग मी मामांकडे पाहिलं आणि म्हटलं, "बोला."

पाहायला आलेल्या मुलीने असं बसायचं नसतं. तिने चहा द्यायचा, नाव सांगायचं, आत जायचं. मी बापाच्या छातीशी दोन बोटं लावून बसले होते, आणि माझं काय करायचं ते लोक त्या दोन बोटांतून दादांना सांगणार होते. मामांनी टेप नाही हे कळल्यावर सुस्कारा सोडला, डबा खाली ठेवला आणि नेहमीच्या आवाजात अट सांगितली, "पोर ते काम सोडी देई ना? आमना घरन्या बाया बाहेर कामले जातस नही."

ते बोलत होते तेवढ्या वेळात माझ्या मनात जे आलं ते इथे लिहून टाकते. बोट जरा सैल केलं असतं तर दादांना काहीच ऐकू गेलं नसतं. पुन्हा 'ऐकू नही उनं' झालं असतं, पुन्हा मी धरलं असतं, असं करत करत पाहुणे कंटाळून गेले असते. आणि घट्ट धरलं तर? मला तोवर फक्त न ऐकता हो म्हणणाऱ्या बापाची भीती होती. ऐकूनही हो म्हणाले तर काय, हा विचार मी केलाच नव्हता. न ऐकता म्हटलं असतं तर निदान कानांना दोष देता आला असता. मला त्यांची इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी बोटं घट्ट धरली.

दादांनी सगळं ऐकलं. त्यांनी माझ्या बोटांकडे पाहिलं, त्यांच्यावरच्या हळद लावलेल्या डागांकडे पाहिलं. आणि मान हलवली. वरखाली नाही, आडवी. मला ती दिशा त्यांच्या मानेला येते हेच माहीत नव्हतं.

"नही," दादा म्हणाले. "ती काम सोडाव नही."

मामा म्हणाले, असं कसं, विचार करा, स्थळ हातचं जाईल. दादा म्हणाले, विचार केला, ऐकूनच सांगतोय. मामांनी मायकडे पाहिलं, मायने छताकडे पाहिलं. मुलाची आई उठली. मुलाने उठता उठता पहिल्यांदा मान वर करून माझ्या हाताकडे पाहिलं आणि विचारलं, "शॉक नही लागस का?" बिचारा वाईट नव्हता. मी म्हटलं, नाही लागत. मामांनी राहिलेला लोचो संपवला, हे मी त्यांच्या बाजूने नोंदवते, आणि पाहुणे गेले.

आता मी सुरतेतच कोसाडच्या फ्लॅटमध्ये चौथ्या मजल्यावर राहते. इथे भिंती हलत नाहीत, डबे जागेवर राहतात, आणि त्यामुळे मला मधूनच चुकल्यासारखं वाटतं. खिडकीशी माझं टेबल आहे, भिंगाचा दिवा आहे. आता दुरुस्तीला मोबाइल येतात, त्यांच्या बोर्डावरचे भाग तिळाएवढे, आणि मोठा पडला म्हणून कंडेन्सर बाहेर लटकवायचा तर चपट्या फोनला तशी जागाच उरलेली नाही. तरी जुने स्टॅबिलायझर घेऊन कुणी येतं तेव्हा मी एखादा कंडेन्सर मुद्दाम बाहेर काढते. पुढे माझं लग्न झालं, ते मी स्वतः ऐकून केलं, तरी फसले, पण ते ज्याच्या त्याच्या कानाचं नशीब. सुमनताईने काही वर्षांनी गोठा सोडला आणि नवऱ्याच्या खोलीत येऊन उभी राहिली. दादांनी तिला आणायला जाताना मशीन लावलं होतं.

पण त्या रविवारची गोष्ट अजून संपलेली नाही. पाहुणे जिन्यावरून उतरायचा अवकाश, मायच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. चांगलं स्थळ घालवलं, हुंडा नव्हता, मानपान नव्हता, सरकारी नोकरी होती, पोरगी म्हातारी होऊन तारा जोडत बसेल, नातेवाइकांत तोंड कसं दाखवू, लोचो कुणाच्या डोक्यातून निघाला होता. ती पोहे आवरत बोलत होती, भांडी आपटत बोलत होती, आणि मध्ये श्वास घेत नव्हती. दादा शांतपणे ऐकत बसले होते. मी अजून त्यांच्या शेजारीच होते, चिमटी तशीच धरून. बोटं आखडली होती, पण सोडायची मला आठवणच झाली नव्हती.

थोड्या वेळाने दादा माझ्याकडे वाकले. आणि मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलताना ऐकलं.

"पोरी," ते म्हणाले, "आते बोट काढी ले."